आत्या, ठेठरी आणि माझं करिअर

आत्या रिटायर होऊन आमच्याकडे राहायला आली तेव्हा तिच्यासोबत एक लोखंडी पलंग, लोणच्याच्या बरण्या आणि लोकांना कुठं जायचं ते सांगायची सवय एवढंच सामान आलं. पलंग व्हरांड्यात मावला, बरण्या आईनं कशाबशा स्वयंपाकघरातल्या फळीवर बसवल्या, पण त्या सवयीला आमचं क्वार्टर फारच लहान पडलं. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. लग्न तिनं केलं नव्हतं, आणि का केलं नाही हे विचारायची आमच्या घरात कोणाची छाती नव्हती. सगळी नोकरी तिनं दुर्ग स्टेशनच्या चौकशी खिडकीत काढली. राहायची चरोद्याला, रेल्वे कॉलनीत. तिथं यार्डात मालगाडीचे डबे एकमेकांवर आपटत असतात, त्यामुळे माणसंही जन्मभर एक पट्टी वर बोलतात. आमच्याकडे आल्यावरही ती "चहा झाला" एवढं साधं वाक्य अशा आवाजात म्हणायची की शेजारचे साहू काका आपल्या घरातून "आया, आया" म्हणत चपला शोधायला लागत.

बाबा भिलाईच्या पोलाद प्लान्टमध्ये स्टोअरला बाबू होते. आमचं सेक्टरमधलं क्वार्टर, दोन खोल्या, मागे पेरूचं झाड आणि पुढे जाळी लावलेला व्हरांडा. सकाळ भोंग्यानं सुरू व्हायची. पाठोपाठ आईची फोडणी, मग कूलरमध्ये पाणी ओतायचा आवाज, आणि मग बाबांचं ठरलेलं वाक्य, की वैशू, पुस्तक उघडलं का. आई सावनेरची. तिच्या हातचा गोळाभात खाल्ल्यावर माणूस थोडा वेळ कोणाचंच वाईट चिंतू शकत नाही, असं माझं आजही मत आहे. घरात आम्ही मराठी बोलायचो, दाराबाहेर पाऊल पडलं की हिंदी. आत्या मात्र उंबऱ्यावर उभी राहून दोन्ही एकदमच बोलायची आणि समोरच्याला जे पाहिजे ते त्यानं उचलून घ्यावं अशी तिची अपेक्षा असायची.

रिटायर झाल्यावर माणूस देवधर्म करतो, नातेवाइकांकडे जातो. आत्या व्हरांड्यात फोल्डिंगची खुर्ची टाकून बसली. खिडकीत बसून जन्म गेलेला, त्यामुळे जाळीच्या आत बसल्यावर तिला बरं वाटायचं. पहिले साहू काका आले. ते प्लान्टमध्ये क्रेन चालवायचे, त्यांचीही रिटायरमेंट जवळ आली होती आणि त्या काळजीनं त्यांना जेवण जात नव्हतं. जन्मभर उंचावर बसून लोखंड उचललं, आता खाली उतरून काय करू, असं त्यांनी आत्याला विचारलं. आत्यानं त्यांना तेच विचारलं जे ती स्टेशनवर सगळ्यांना विचारायची. कुठून आले, कुठं जायचं, सोबत सामान किती. सामान म्हणजे घरची जबाबदारी. साहू काकांच्या मुली लग्न होऊन गेल्या होत्या, म्हणजे सामान हलकं. मग तिनं त्यांचे हात उलटेपालटे करून पाहिले आणि सांगितलं की या हातांना दांडी धरायची सवय आहे, तुम्ही विणकाम शिका. साहू काकांनी ते खरंच मनावर घेतलं. त्या उन्हाळ्यात, भिलाईच्या त्या उन्हाळ्यात, आमच्या लाइनीतल्या प्रत्येक घरी एकेक लोकरीची माकडटोपी आली, आणि ते समोरून येताना दिसले की लोक घाईघाईनं ती डोक्यावर घालत.

मग हळूहळू गर्दी वाढली. नायर आंटी आल्या. त्यांचे दोन्ही मुलगे बाहेरगावी शिकायला गेलेले, घरात करायला काही नाही. आत्यानं त्यांना गाडी चालवायला शिका म्हटलं. त्या शिकल्या, आणि शिकता शिकता आमच्या पुढचं मेंदीचं कुंपण मुळासकट घेऊन गेल्या. एक जोडपं आपल्या बालवाडीतल्या पोराला घेऊन आलं, हा पुढं काय होईल म्हणून. आत्यानं सरळ पोरालाच विचारलं. तो म्हणाला, कुत्रा. आईबाप ओशाळले, पण आत्यानं ते उत्तर गंभीरपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं की ही गाडी अजून यार्डातून निघायची आहे, चौथीनंतर परत या, तोवर त्याले एक कुत्रा आणून द्या. त्या घरी खरोखर कुत्रा आला. तो पुढे पोस्टमनला चावला, पण पोरगं आज जनावरांचा डॉक्टर आहे, त्यामुळे आत्याचं बरोबर होतं की चूक हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

बाबांना हे सगळं पसंत नव्हतं. एक तर क्वार्टरमध्ये असलं काही चालवायला परवानगी नसते, आत्या कोणाकडून काही घेत नसली तरी चौकशी आलीच असती. आणि दुसरं म्हणजे, सगळ्या सेक्टरला रस्ता दाखवणाऱ्या बाईच्या स्वतःच्या घरात एक पोरगी रस्ता चुकून बसली होती. ती मी.

भिलाईत तेव्हा पोराला काय व्हायचं हे विचारायची पद्धतच नव्हती. अकरावीत गेलं की कोचिंग, कोचिंग झालं की इंजिनीअरिंगची परीक्षा, आणि नंबर नाही लागला तर ड्रॉप, म्हणजे एक वर्ष घरी बसून पुन्हा तेच. मी एक वर्ष ड्रॉप घेतला होता. त्याचाही निकाल लागला होता आणि तो इतका वाईट होता की बाबांनी मला रागावण्याऐवजी डोळे तपासून आणले. आता दुसऱ्या ड्रॉपची बॅच सोमवारपासून सुरू होणार होती. मला ती नको होती. पण मग काय पाहिजे, असं कोणी विचारलं की माझ्या डोक्यात कूलरसारखा नुसता घूं आवाज व्हायचा. आज मला वाटतं, त्या वयात उत्तर नसणं काही एवढं जगावेगळं नव्हतं. पण तेव्हा वाटायचं की सगळ्या जगाला छापील उत्तरं वाटली आणि मी नेमकी त्या दिवशी गैरहजर होते.

आत्यानं माझ्यावर प्रयत्न केले नाहीत असं नाही. तिनं मला खुर्चीसमोर बसवून कुठं जायचं ते विचारलं. मी म्हटलं माहीत नाही. तिनं वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या बाजूंनी, एकदा तर मी न्हाणीघरात असताना बाहेरून विचारलं. शेवटी तिनं आईला जाहीर केलं की या पोरीपाशी तिकीटच नाही, हिले कोणत्या फलाटावर पाठवू.

तेव्हा बाबांनी ठरवलं की मला शास्त्रीय ठिकाणी न्यायचं. सिविक सेंटरला एक करिअर मार्गदर्शनाचं नवं ऑफिस उघडलं होतं. तिथं मशीनवर बोटांचे ठसे घेऊन माणूस काय होणार ते सांगायचे, आणि पाटीवर लिहिलं होतं की बालक, विद्यार्थी, नोकरदार, सेवानिवृत्त, सर्वांसाठी. विद्यार्थ्यासोबत घरच्या मोठ्यांचे ठसे फुकट. बाबांनी हे आत्याला शक्य तितक्या नाजूकपणे सांगितलं. म्हणाले, "ताई, तुझं आपलं ठीक आहे, पण हे सायन्स आहे."  शनिवारी आम्ही निघालो तेव्हा आत्या इस्त्रीची साडी नेसून, पर्स घेऊन फाटकापाशी उभी होती. मलेही पाहू दे सायन्स, एवढंच म्हणाली आणि ऑटोत सगळ्यात आधी बसली.

त्या ऑफिसात एसी होता. भिंतीवर माणसाच्या आयुष्याचं मोठं चित्र होतं, रांगणाऱ्या बाळापासून काठीवाल्या म्हाताऱ्यापर्यंत, आणि प्रत्येकाच्या डोक्यातून एक बाण निघाला होता. समोर टाय लावलेले एक सर बसले होते. ते माझ्यापेक्षा फार तर सात-आठ वर्षांनी मोठे असतील. मिशी नवी होती आणि ते बोलताना तिला सारखा हात लावून ती जागेवर आहे का ते पाहत होते. त्यांनी आमच्या तिघांचीही दहाच्या दहा बोटं काचेवर टेकवून घेतली. मशीन बराच वेळ घरघरलं. मग रंगीत कागद बाहेर आले आणि सरांनी ते आम्हाला समजावून सांगितले.

माझ्या कागदाप्रमाणे मी सैन्यात, जाहिरातीत, बँकेत, चित्रकलेत आणि समाजसेवेत सारखीच चमकणार होते. बाबांच्या कागदाप्रमाणे त्यांच्यात नृत्याची उपजत जाण होती आणि आतापर्यंत त्यांनी ती वाया घालवली होती. बाबांनी तो कागद दोनदा वाचला आणि घडी करून शर्टाच्या आतल्या खिशात ठेवला. आत्याच्या बाबतीत मशीनचं म्हणणं होतं की तिनं जिम्नॅस्टिक्स करावं, मात्र सुरुवात वयाच्या सातव्या वर्षाच्या आत व्हायला पाहिजे.

आत्या हसेल किंवा भांडेल असं मला वाटलं होतं. तिनं कागद बाजूला ठेवला, खुर्ची पुढे ओढली आणि सरांना विचारलं की बेटा, तू कहाँ से आया. सर दचकले. म्हणाले, धमध्याहून. घरी कोण कोण, तर आईवडील, शेती, टमाटरांची. मग स्वतःची बोटं या मशीनवर लावलीस का, तर हो. काय निघालं, असं विचारल्यावर ते मिशीला हात लावून हळूच म्हणाले, "एग्रीकल्चर."

"तो यहाँ क्या कर रहा है?"

"पापा बोले, इंजीनियर होके खेत में जाएगा क्या."

एसी चालू होता, बाबा छताकडे बघत होते. सरांनी मग आपणहून सगळं सांगितलं. ते इंजिनीअर झाले होते, नोकरी लागली नव्हती, टाय मामाचा होता. या खुर्चीत बसून ते दिवसभर लोकांना रस्ता सांगायचे आणि संध्याकाळी गावच्या बसमध्ये खिडकीतून दुसऱ्यांची टमाटरं बघत जायचे. आत्यानं त्यांना सामान किती ते विचारलं. ते म्हणाले, बॅग आणि डबा. तिनं त्यांना सामानाचा अर्थ समजावून सांगितला. मग सरांचे डोळे भरून आले, आणि पाहुण्यांसमोर रडू नये म्हणून त्यांनी घाईघाईनं डबा उघडून आमच्यापुढे धरला. डब्यात त्यांच्या आईनं केलेली ठेठरी होती. ठेठरी म्हणजे बेसनाचा वळून तळलेला छत्तीसगढी पदार्थ. चवीला फार छान आणि कडक इतकी की तिच्यावर सुरी परजता यावी. बाबांनी नको म्हटलं. आत्यानं मायेनं एक मोठी उचलली आणि पूर्ण ताकदीनं चावली.

कट्ट असा आवाज झाला. आम्हाला वाटलं ठेठरी मोडली. पण आत्या बोलायची थांबली, आणि आत्या बोलायची थांबली म्हणजे काहीतरी फार मोठं मोडलं असणार. तिनं पाठ फिरवली, रुमाल तोंडाला लावला, आणि पुन्हा आमच्याकडे वळली तेव्हा तिचं तोंड आत गेलेलं होतं आणि रुमालात वरची कवळी दोन तुकडे होऊन पडली होती. ठेठरीला काही झालं नव्हतं.

सर इतके घाबरले की त्यांनी आमच्याकडून काही घ्यायलाच नकार दिला. आत्यानं जाता जाता त्यांच्या डोक्यावर हात ठेवून काहीतरी सांगितलं. दात नसल्यामुळे ते नुसतं "फेफी फल, फेफी" असं ऐकू आलं, पण सर हो हो म्हणत मान हलवत राहिले. थोड्याच महिन्यांत ते ऑफिस बंद झालं. सर कुठं गेले ते मला ठाऊक आहे, कारण त्यानंतर दर हिवाळ्यात आमच्याकडे कोणीतरी धमध्याहून टमाटरांचा एक क्रेट आणून ठेवायचं, आणि आई पंधरा दिवस आम्हाला टमाटरांशिवाय दुसरं काही वाढायची नाही.

तिथून आम्ही ऑटोनं सरळ पॉवर हाऊसच्या बाजारात गेलो. आत्याची कवळी जिथं बनली होती ती जागा एका स्टेशनरीच्या दुकानावर होती. अरुंद जिना, वर एक खोली, आणि खोलीत गुहा आडनावाचे काका. ते दातांचे डॉक्टर नव्हते. डॉक्टर माप पाठवायचे आणि काका दात बनवायचे. माणूस अत्यंत तुसडा. आत्यानं रुमाल उघडल्यावर त्यांनी सहानुभूतीचा एक शब्द न काढता बंगाली वळणाच्या हिंदीत तिला विचारलं की दात खायला दिले होते की दगड फोडायला. आत्यानं उत्तर दिलं, पण ते "फफफ" असल्यामुळे भांडण पुढे सरकलं नाही.

मी मात्र भिंतीकडे पाहत होते. चारही भिंतींना फळ्या, आणि फळ्यांवर प्लास्टरचे जबडे, शेकडो, सगळे माझ्याकडे पाहून हसणारे. कोणाचे दात एका बाजूनं झिजलेले, कोणाचा एकच सुळा उरलेला, कोणाचा जबडा इतका लहान की ते माणूस कसं बोलत असेल हे बघता बघता डोळ्यांसमोर यायला लागलं. काकांनी दोन तुकडे जुळवायला कोणीतरी धरा म्हटलं. बाबांनी एकदा त्या गुलाबी तुकड्यांकडे पाहिलं आणि त्यांना अचानक चहाची आठवण झाली. आत्याला चष्म्याशिवाय जवळचं दिसत नव्हतं. मग मीच धरले. काकांनी दिव्यावर मेण वितळवून भेगेवर थेंब थेंब सोडलं. माझे हात हलले नाहीत. ही गोष्ट मला नवी होती, कारण परीक्षेच्या पेपरावर माझे हात हमखास थरथरायचे.

मग ते दुसऱ्याच कोणाच्या तरी कवळीकडे वळले. गुलाबी मेणात एकेक दात गरम चाकूनं बसवायचा, थोडा तिरका करायचा, लांबून पाहायचं, पुन्हा काढायचा. एकदम सरळ रांग लावली तर ते खोटं दिसतं, थोडा वाकडेपणा ठेवला की माणूस दिसतो. मी विचारलं की मी एक लावून बघू का. काका म्हणाले, नहीं. थोड्या वेळानं त्यांनी एक फुकट गेलेला जबडा माझ्यापुढे सरकवला आणि माझ्याकडे पाठ करून बसले. बाबा चहा पिऊन आले, पेपर वाचून आले, पुन्हा एकदा चहा पिऊन आले. आत्या खुर्चीत बसल्या बसल्या झोपली. मी चार दात लावले होते, त्यातला एक बरा होता असं काका म्हणाले. दोन वर्षांत पहिल्यांदा घड्याळाकडे न बघता माझी दुपार गेली होती.

जिना उतरताना मी बाबांना म्हटलं, "बाबा, मले हे करायचं आहे."

बाबा हसले. मग त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि त्यांचं हसू हळूहळू गेलं.  घरी आल्यावर आईला सगळं कळलं आणि तिनं डोक्याला हात लावला. तिचं म्हणणं असं की सून काय करते असं कोणी विचारलं तर सासू काय सांगेल, लोकायच्या कवळ्या बनवते? नागपूरला त्याचा कोर्स असतो, गुहा काकांनी सांगितलं, असं मी म्हटल्यावर ती म्हणाली की दात पाडायचाही कोर्स असेल, म्हणून काय तो करायचा का. बाबांनी फक्त एवढंच सांगितलं की सोमवारी बॅच सुरू होते, आणि ते पेरूच्या झाडाला पाणी घालायला गेले. त्या झाडाला त्या दिवशी इतकं पाणी मिळालं की मागचं अंगण चिखल झालं.

रविवारी दुपारी आम्ही चौघं जेवायला बसलो. कवळी सोमवारी मिळणार होती, त्यामुळे आत्या दात नसतानाच ताटावर होती. आईचं मन थाऱ्यावर नव्हतं, हे भांड्यांच्या आवाजावरून कळत होतं. तिनं नेहमीसारखंच वरण, भात, पोळी आणि कोरडी भाजी केली होती.  मी सगळं धैर्य गोळा करून म्हटलं की मी उद्या कोचिंगला जाणार नाही. बाबांनी घास ताटात ठेवला आणि म्हणाले, "जाशीन. कावून नाही जाणार? एक वर्ष आणखीन काढ, मंग पाहू."

तेवढ्यात आत्यानं ताटावर हात आपटला. वाटी उडाली. ती जन्मभराच्या त्या आवाजात, फलाटाच्या दुसऱ्या टोकापर्यंत जाईल असं, बाबांकडे बोट दाखवून बोलायला लागली. एक शब्द समजत नव्हता. फफफ आणि भभभ यांचा नुसता धबधबा होता. मध्येच तिनं माझ्याकडे हात केला, मध्येच आईकडे, मध्येच स्वतःच्या तोंडाकडे. डोळ्यांत पाणी होतं. बाहेर साहू काका फाटकाशी येऊन उभे राहिले. मी तिला इतकं तळमळून बोलताना कधी पाहिलं नव्हतं, आणि तेही माझ्यासाठी, या विचारानं मलाही रडू यायला लागलं. बोलून झाल्यावर ती दमून भिंतीला टेकली.

बाबांनी उडालेली वाटी उचलून जागेवर ठेवली. मग म्हणाले, "बरं, ताई. तू म्हणतेस तर तसंच करू. जाऊ दे तिले नागपूरले."

आईनं भातावर झाकण ठेवलं. थोरल्या नणंदेनं सांगितलं आणि नवऱ्यानं हो म्हटलं, त्यापुढे तिच्या घरात काही बोलता येत नसे. सोमवारी मी कोचिंगऐवजी पॉवर हाऊसला गेले आणि आत्याची कवळी घेऊन आले. पावसाळ्यात नागपूर.

त्याला आता कितीतरी वर्षं झाली. माझ्या स्वतःच्या खोलीत आता चारही भिंतींना फळ्या आहेत. आत्याची हल्लीची कवळी माझ्याच हातची आहे, आणि तिनं ठेठरी अजून सोडलेली नाही. मागच्या दिवाळीत तिची कवळी घासून देताना मी तिला म्हटलं की त्या रविवारी तू माझ्यासाठी जे बोललीस त्यातला एक शब्द मला समजला नव्हता, आता तरी सांग. तिला आधी आठवेना. मग आठवलं.

"ते होय," ती म्हणाली. "वरणात मीठ नव्हतं तुझ्या मायनं टाकलं. आन् मले दात नाही हे साऱ्यायले दिसून राहिलं, तरी पोळी वाढली. कालपासून उपाशी होती मी. तुझ्या बापाले म्हटलं, घरात कोणाचं ध्यान हाय का नाही?"

 मी कवळी हातात घेऊनच बाहेरच्या खोलीत गेले. बाबा पेपर वाचत होते. त्यांचंही आता सगळं हळू झालं आहे, ऐकूही कमी येतं. मी त्यांच्या कानाशी वाकून मोठ्यानं सगळं सांगितलं, की आत्या माझ्याबद्दल बोलतच नव्हती, ती मीठ मागत होती.

बाबांनी पेपर खाली केला नाही. "मीठ मले तेव्हाच ऐकू आलं होतं," ते म्हणाले, आणि पान उलटलं.